तिरपू खेकड्याचा मूळ आवाज

१२ जून २०२४

आजपासून दैनंदिनी. मालिनीचा आग्रह. "जे काय सांगायचंय ते वहीला सांगा, मला पहाटे पाणी भरायला उठायचं असतं," असं म्हणून तिने कूस बदलली. बायको पाठ फिरवते तेव्हाच माणूस साहित्याकडे वळतो.

बातमी अशी की तिरपू खेकडा परत येतोय. मोठ्या पडद्यावर, थ्रीडीत, सहकुटुंब बघण्याजोगा. प्रद्युम्नने फोनवर सांगितलं. आमचा मुलगा पुण्यात ज्या ॲनिमेशन स्टुडिओत काम करतो तिथेच हा सिनेमा होणार आहे. पात्रं कशी चालतात हे तो ठरवतो. त्याचा त्याला पगार मिळतो. नातेवाइकांना मी पूर्वी 'कॉम्प्युटरमध्ये आहे' एवढंच सांगायचो.

पुढच्या पिढ्यांसाठी नोंद करतो. तिरपू खेकडा ही मी लहान असताना रविवारी सकाळी टीव्हीवर लागणारी कार्टून मालिका. तिरपू भाताच्या बांधात राहायचा. बाकीचे प्राणी नाकासमोर चालत जाऊन संकटात पडायचे, आणि तिरपू बाजूने येऊन त्यांना सोडवायचा. शेवटी म्हणायचा, "सरळ जाईन तर खेकडा कसला!" हे वाक्य तेव्हा पोरं शाळेत म्हणायची आणि पुढारी सभेत म्हणायचे. फरक एवढाच की पोरांचा हेतू शुद्ध होता. तिरपूच्या कंपासपेट्या निघाल्या, दप्तरं निघाली, एका गावाने गणपतीपुढे देखावा केला.

तो आवाज माझा. नामावलीत 'मास्टर केशव'. मामा पुण्याला एका ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत हार्मोनियम वाजवायचे. नऊ वर्षांचा मी एकदा त्यांच्याबरोबर गेलो होतो, नेमका ठरलेल्या मुलाला त्या दिवशी गोवर आला. पुढे माझा आवाज फुटला आणि मालिका बंद पडली. या दोन गोष्टींचा संबंध मी लावत नाही. लोकांनी लावावा.

त्यानंतर फार्मसीचा डिप्लोमा, भोरला एसटी स्टँडजवळ औषधाचं दुकान, मालिनी, प्रद्युम्न आणि गुडघा, याच क्रमाने.

आता तिरपूला आवाज लागेल. आवाज कुणाकडे आहे ते सर्वांना ठाऊक आहे.

१५ जून

ज्येष्ठमध, मध, कोमट पाणी. दुकान उघडण्यापूर्वी अर्धा तास 'आऽऽ'. वरच्या पट्टीत नऊ वर्षांचा मी अजून आहे. फक्त त्याला बोलावलं की आधी खोकला येतो आणि मागून तो.

आज गिऱ्हाइकांवर प्रयोग केला. ठकुबाईंना रक्तदाबाच्या गोळ्या देताना तिरपूच्या आवाजात म्हटलं, "सकाळी एक, जेवणानंतर!"

ठकुबाईंनी गोळ्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "घसा बसलाय व्हय? दुकानात येवढी औषिदं हायत, त्यातलं एखांदं सोताला घ्या की."

गुडघ्याचंही लिहून ठेवतो. आमचं घर दुकानाच्या वर, पहिल्या मजल्यावर. पंचवीस वर्षं काउंटरमागे उभं राहून उजवा गुडघा कामातून गेलाय. चढताना त्रास नाही. उतरताना मात्र कठड्याकडे तोंड करून, आडवं होऊन, एकेक पायरी. अख्ख्या भोरला मी गुडघ्याचं तेल विकतो. स्वतः लावत नाही. त्यात काय असतं ते मला माहीत आहे.

२३ जून

प्रद्युम्न आला होता. जेवताना मी विषय काढला नाही. फक्त आमटी वाढून घेताना म्हणालो, "थोडी बाजूने वाढ. सरळ जाईन तर—"

"बाबा, आवाजाचं अजून काही ठरलेलं नाही."

"मी कुठे काय म्हटलं?"

"शेफाली मॅडम दिग्दर्शक आहेत. निर्माते मुंबईचे आहेत. मी तिथे फक्त चाल काढतो. माझ्या हातात काही नाही."

"हो रे. मी आमटी मागितली."

मालिनीने आमटी वाढली. सरळच वाढली.

इथे एक नोंद करून विषय संपवतो. प्रद्युम्न लहान असताना त्याला झोपवायला मी तिरपू करायचो. नुसता आवाज नाही. चार पायांवर, आडवा, पलंगाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्याशिवाय तो झोपायचा नाही. मग तो चौथीत असताना शाळेच्या गॅदरिंगला पालकांच्या कार्यक्रमात मी स्टेजवर तिरपू केला. हशा जोरात झाला. घरी येताना तो माझ्या पुढे चालत होता. जिन्यात म्हणाला, "बाबा, माझ्या मित्रांसमोर ते करू नका ना."

मी मनाला लावून घेतलं नाही. फक्त पुन्हा केलं नाही. त्याच्या मित्रांसमोर नाही, त्याच्यासमोर नाही, एकटा असतानाही नाही. आता गेल्या आठवड्यात केलं ते ठकुबाईंसमोर.

१८ जुलै

माझं महत्त्व स्टुडिओला कळलेलं दिसतं. प्रद्युम्नचा फोन आला. टीमला खरे खेकडे बघायचेत, ते कसे चालतात, नांगी कशी उचलतात. 'बाबा, वेल्ह्याकडे तुमची काही ओळख आहे का?'

ओळख! मार्गासनीचे रखमाजी. त्यांची लेक इथे भोरजवळ उत्रोलीला दिलीय. तिच्याकडे आले की गुडघ्याचं तेल माझ्याकडून नेतात आणि पुढच्या खेपेला 'काय बी फरक न्हाई' असं सांगून दुसरी बाटली नेतात. भाताची शेती, घरामागे ओढा. लगेच फोन केला.

"रखमाजी, रविवारी पुण्याची माणसं आणतोय तुमच्याकडे. खेकडे लागतील."

"किती मानसं?"

"सहा-सात."

"मंग दोन डजन तरी पायजेत. तुमी काळजी नगा करू, डाक्टर." औषधं विकणारा तो डाक्टर, हे त्यांनी ठरवूनच टाकलंय.

कलेसाठी धावून येणारी माणसं अजून खेड्यातच आहेत. सात माणसांना दोन डझन, हा हिशेब त्यांनी कशावरून काढला हे मात्र विचारायचं राहिलं.

२१ जुलै

कापूरहोळला हायवे गाठून, नसरापूरवरून आत मार्गासनी. मला घ्यायला भोरला आलेल्या स्टुडिओच्या गाडीत मी पुढे बसलो होतो. शेफाली मॅडम मागे. वय पस्तिशीच्या आत, केस मागे बांधलेले, बोलणं नम्र. "सर, मी लहानपणी तिरपूचे जुने भाग कॅसेटवर बघायचे," म्हणाल्या. मी त्यांना आवाजाची जडणघडण सांगायला सुरुवात केली. नसरापूरपर्यंत त्या ऐकत होत्या. पुढे त्यांना झोप लागली असावी. प्रवासाने होतं असं.

रखमाजींच्या अंगणात पोचलो तर वास आला. मी जन्मात खेकडा खाल्लेला नाही, तरी हा वास जिवंत प्राण्याचा नव्हे एवढं मला कळलं.

शेफाली मॅडमनी विचारलं, "खेकडे कुठे आहेत?"

रखमाजींच्या पत्नी बनाबाई चुलीपुढून म्हणाल्या, "ह्ये काय, रटरटत्यात. हात धुवून घ्या."

"सगळे?"

"अवो मंग! पुन्याची मानसं पयल्यांदाच दारात आली, निम्मे कशाला ठिवू?"

रखमाजी अभिमानाने सांगत होते, "काल राच्चं बत्ती घिऊन वढ्याला गेलतो. येकेक असा गावलाय म्हनता!" आणि त्यांनी हाताचा पंजा पसरून दाखवला. मी समजावून सांगू लागलो की हे लोक खेकडे बघायला आलेत. रखमाजींनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"बगायला?"

"हो."

"भोरास्नं हितवर?"

"पुण्याहून."

त्यांनी वळून चुलीपुढच्या बनाबाईंकडे पाहिलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "डाक्टर, आता तसं बोलू नगा. ती नाराज हुईल. खावा म्हनावं गुमान."

पंगत बसली. मला आणि प्रद्युम्नला वेगळं पिठलं-भाकरी. एवढी आमची दखल बनाबाईंनी घेतली होती. बाकीचे आधी दबकत आणि मग दबून न राहता जेवले. पात्रांची शरीररचना बनवणारा एक मुलगा होता, बंडू नावाचा. तो ताटातला पाय उचलून विचारत होता, "मावशी, याला सांधे किती असतात?"

"चोखून बग. समदं कळंल."

त्याने अभ्यास मनापासून केला. तीन वेळा रस्सा घेतला.

जेवणं चालू असतानाच सरपणाच्या ढिगातून एक खेकडा बाहेर आला. टोपलीतून निसटलेला, एकुलता एक. नांग्या उचलून सारवलेल्या जमिनीवरून निघाला. सगळ्यांचे हात रश्शात. कॅमेरे गाडीत. "शूट करा! कुणीतरी शूट करा!" शेफाली मॅडम ओरडल्या.

खेकडा नेमका माझ्याकडे आला. मी उठलो. सवयीने एका हातात छत्री उचलली (ती मी बारा महिने जवळ बाळगतो) आणि दुसऱ्या हातात औषधांची पिशवी. मी उजवीकडे सरकलो, तोही सरकला. मी डावीकडे गेलो, तोही आला. गुडघ्यामुळे मला वळता येईना. आम्ही दोघं एकमेकांवर नजर ठेवून अंगणभर फिरलो.

"हुबं ऱ्हावा डाक्टर! नांगी धरील!" रखमाजी.

"अगं बया," बनाबाई म्हणाल्या, "दोगं बी तिरकंच चालत्यात की!"

प्रद्युम्नचा डावा हात कोरडा होता. त्याने मोबाईल काढून सगळं टिपलं. पोरगं प्रसंगावधानी आहे, आईवर गेलंय.

परतताना मी मोबाईल मागून पाहिलं. चित्रणात खेकडा कोपऱ्यात अर्धा दिसतो, तोही दोनदा. बाकी सगळा मीच. कॅमेरा कुठे धरावा एवढंही यांना शिकवत नाहीत. मी त्याला तसं म्हटलंसुद्धा. तो मोबाईलकडेच बघत होता. "हो बाबा," म्हणाला. "चुकलंच."

९ डिसेंबर

आज पुण्याला आवाजाची चाचणी. काचेच्या खोलीत उभं केलं, कानाला लावायला दिलं. मी डोळे मिटले, नऊ वर्षांचा झालो आणि म्हणालो, "सरळ जाईन तर खेकडा कसला!"

काचेपलीकडे ध्वनिमुद्रण करणाऱ्या मुलाने कानावरचं काढून ठेवलं. भारावला असावा. शेफाली मॅडमनी तोंडावर हात धरला होता. त्याही भारावल्या असाव्यात.

मग त्या आत आल्या. "सर, तुमचा आवाज आता... त्याला आता एक वजन आलंय. आम्हाला तुमच्यासाठी खास भूमिका हवी होती. म्हातारा बेडूक."

"बेडूक?"

"तळ्यातला सर्वांत ज्येष्ठ. तो खोकतो आणि तिरपूला म्हणतो, 'बाळा, सरळ जा.'"

म्हणजे ज्या तोंडाने मी महाराष्ट्राला तिरकं जायला शिकवलं त्याच तोंडाने आता हे. मी म्हटलं, "आणि तिरपू कोण?"

"शिवानी म्हणून एक मुलगी आहे. दहा वर्षांची."

मुलगी. मी बेडूक केला. खोकला एका दमात ओके झाला, कारण तो माझा स्वतःचा होता.

प्रद्युम्न बसपर्यंत सोडायला आला. वाटेत म्हणाला, "बाबा, मी बोललो होतो त्यांच्याशी. खूप बोललो."

"कशाला बोलायचं? मी कुठे काय म्हटलं?"

स्वारगेटला त्याने मला खिडकीची जागा मिळवून दिली. बस निघेपर्यंत खाली उभा होता. बस निघाल्यावरही होता.

१० डिसेंबर

नोंद करण्यासारखं काही नाही. ज्येष्ठमधाची बरणी परत दुकानात ठेवली. मालिनीने पाहिलं. संध्याकाळी न सांगता शिरा केला. आजारी माणसाला करतात तसा.

५ जुलै २०२५

सात महिन्यांनी वही उघडली. प्रद्युम्न आठवडाभर घरून काम करायला आलाय. कारण त्याने सांगितलं नाही, पण आमचं घर लहान आहे आणि तो फोनवर मोठ्याने बोलतो.

निर्मात्यांचं म्हणणं आहे की तिरपूने सरळ चालावं. त्यांनी सर्वेक्षण केलंय. आजच्या मुलांना पुढे बघणारा, पुढे जाणारा नायक हवा. तिरकं चालणं नकारात्मक वाटतं. शिवाय तो आडवा चालला की मोबाईलच्या उभ्या पडद्याबाहेर जातो. सरळ चालणारा खेकडा! उद्या म्हणतील मांजराने भुंकावं, सर्वेक्षणात आलंय.

प्रद्युम्न गॅलरीत येरझाऱ्या घालत होता. "मॅडम, मला एक आठवडा द्या... नाही, आधीची चाल यांत्रिक होती, मान्य. ती खऱ्या खेकड्यावरून काढली होती, म्हणून कुणाचा जीव गुंतत नव्हता... हो, माहितीय मला. नाही पसंत पडली तर मी राजीनामा देतो, मग तुम्ही त्याला धावायला लावा... रेफरन्स? आहे. घरीच आहे."

नोकरी सोडायची भाषा! एका खेकड्याच्या पायांसाठी! आणि घरी कसला रेफरन्स? जुनी कॅसेट शोधतोय बहुतेक. ती माळ्यावर होती, तिला बुरशी लागली. मी त्याला तसं सांगितलं. "असू दे बाबा," म्हणाला. "कॅसेट नकोय."

७ जुलै

पोराला मधेच कढीपत्त्याची ओढ लागलीय. सकाळपासून तीनदा मला खाली पाठवलं. 'बाबा, कढीपत्ता आणता?' कढीपत्त्याचं झाड दुकानाच्या मागे आहे, त्याला स्वतःला पाय आहेत. पण मालिनी म्हणते, "जा हो, तो कामात आहे." मी छत्री घेऊन, पिशवी घेऊन, कठड्याला तोंड करून उतरतो. तो जिन्याच्या खाली मोबाईल वर धरून उभा.

"काय करतोयस?"

"रेंज बघतोय."

रेंज वर घरात चांगली येते, हे त्याला इतक्या वर्षांत कळलेलं नाही.

मधल्या पायरीवर थांबून मी दम खातो, छत्री जिन्याबाहेर काढून पाऊस किती आहे ते चाचपतो आणि मग पुढचा पाय टाकण्याआधी तो हवेतच जरा हलवून बघतो. गुडघा शुद्धीवर आहे का, याची खातरी. आज प्रद्युम्न खालून म्हणाला, "बाबा, ते पाय हलवलात ना, ते परत करा."

"का?"

"डॉक्टरांना दाखवू."

पोटच्या पोराची काळजी! मी दोनदा करून दाखवलं.

८ जुलै

दुकानात गुडघ्याचे नवे पट्टे आलेत. म्हटलं एक लावून बघू. प्रद्युम्न घाईने म्हणाला, "एवढ्यात नको! शनिवारी लावा." ज्याने मागच्या दिवाळीत स्वतः पट्टा आणून दिला होता, तो! तरुण पिढीचं वैद्यकीय मत आठवड्यागणिक बदलतं. आजही कढीपत्ता. घरात इतका साठलाय की मालिनीने चटणी करून वरच्या आळीत वाटली.

संध्याकाळी तिने प्रद्युम्नच्या खांद्यावरून त्याच्या लॅपटॉपमध्ये पाहिलं. बराच वेळ पाहत राहिली. मग पदर तोंडाशी धरून आत गेली. स्वयंपाकघरातून हसण्याचा आवाज आला. मग नाक ओढल्याचा. मी विचारलं तर म्हणाली, "कांदा."

लॅपटॉपवर मला काय ते दाखवायला पोराने नकार दिला. "अर्धवट आहे, बाबा. पूर्ण झालं की बघा."

१२ जुलै

प्रद्युम्न गेला. जाताना नेहमीसारखा 'येतो' म्हणून नाही, वाकून नमस्कार करून गेला. पुण्याला जायला नमस्कार! राजीनाम्याचं नक्की दिसतंय. मी खिशात पाचशे कोंबले. गुडघ्याचा पट्टा लावला. बरं वाटत नाही, पण शनिवार आहे.

१६ जुलै

मालिनीच्या फोनवर प्रद्युम्नचा फोन. ती गॅलरीत गेली. येऊन म्हणाली, "पसंत पडली. तिरकाच चालणार."

"नोकरी?"

"राहिली."

मी म्हटलं, "चला, शेवटी पोराने कुठला तरी खेकडा शोधून काढला म्हणायचा."

तिने माझ्याकडे पाहिलं. "हो. भारी चिवट खेकडा आहे."

२ मार्च २०२६

सिनेमाची झलक आली. गिऱ्हाईक नसताना दुकानात पाहिली. आवाज कमी ठेवून, मग मोठा करून.

शिवानीचा आवाज चांगला आहे. इथे लिहून ठेवतो, कारण तोंडाने कबूल करणार नाही. 'कसला' म्हणताना मी 'क'वर जोर द्यायचो, ती 'ला'वर देते. तिचंच बरोबर असावं. पाचव्यांदा ऐकलं तेव्हा ठकुबाई समोर येऊन उभ्या होत्या.

"कुनाची पोर म्हनायची?"

"तिरपू खेकडा आहे तो. पूर्वी तो आवाज मी द्यायचो."

"तुमी?" ठकुबाईंनी नीट विचार केला. "आता कसं, तुमच्यापेक्षा बरा झालाय घसा त्याचा."

१० मे

भोरच्या शाळेच्या सभागृहात खास खेळ. प्रद्युम्ननेच स्टुडिओच्या मागे लागून ठेवला, भोर-वेल्ह्याच्या मुलांसाठी फुकट. सभागृह दुसऱ्या मजल्यावर. ज्याने बांधलं त्याचे गुडघे मजबूत असणार. चटया भरल्या, खुर्च्या भरल्या, खिडक्यांवर काळे कागद. रखमाजी आणि बनाबाई मार्गासनीहून नातवंडांना घेऊन आले होते. "आमच्या हितनंच गेल्ता त्यो खेकडा," असं बनाबाई ओळीतल्या सगळ्यांना सांगत होत्या.

आता परीक्षण. मी निःपक्षपाती आहे.

गोष्ट ठीक. रंग जास्त. बेडकाचं वाक्य कापलंय. फक्त खोकला ठेवलाय. खोकला अस्सल आहे आणि त्याला हशा आला.

तिरपूच्या चालीबद्दल मात्र मला बोललंच पाहिजे. खेकडा असा चालत नाही. एका नांगीत अळूच्या पानाची छत्री, दुसरीत कसलीशी झोळी. बांधाची उतरण आली की हा भिंतीकडे तोंड करतो, आडवा होतो, मधेच थांबून दम खातो, छत्री बाहेर काढून पाऊस चाचपतो. आणि पुढचा पाय टाकण्याआधी तो हवेतच हलवून बघतो! आठ पायांच्या प्राण्याला एका पायाची एवढी काळजी कशाला? कुण्या म्हाताऱ्यावरून काढलेली दिसते. निरीक्षण कमी पडलं. माझ्या पोराचं काम म्हणून मी पदरात घेणार नाही.

पण पोरं! तो पाय हलवू लागला की सगळं सभागृह श्वास रोखून बसायचं आणि पाय टेकला की टाळ्या. शेवटी पूर येतो, सगळे प्राणी सरळ पळत सुटतात आणि हा एकटा, आडवा, एकेक पायरीने, पाठीवर बेडकाच्या पिल्लाला घेऊन उतरतो. तेव्हा माझ्या शेजारची लहान मुलगी खुर्चीवर उभी राहून ओरडत होती, "हळू! हळू रे तिरपू! पडशील!" चुकीची चाल असूनही मी कठडा धरावा तशी पुढच्या खुर्चीची पाठ धरून बसलो होतो.

नावं सुरू झाली तसा मी उठलो. 'इतर आवाज' यात माझं नाव पाहिलं, तेवढं पुरे. गर्दीच्या आधी जिना उतरायला हवा होता. मालिनीचा हात धरून म्हटलं, "चल." ती हलली नाही. "पूर्ण बघू द्या." प्रद्युम्न भिंतीला टेकून उभा होता, पडद्याकडे न बघता माझ्याकडे बघत होता. "बाबा, थांबा ना जरा. एक नाव राहिलंय."

"नावं काय, येतच राहतात," म्हटलं आणि निघालो.

एका हातात छत्री, एका हातात पिशवी, कठड्याकडे तोंड. मधल्या पायरीवर पोचलो तोच मागून दार उघडलं आणि पोरांचा लोंढा आला. मला वाटलं, आता लोटून देणार. पण नाही. लोंढा माझ्या मागे येऊन थांबला. कुणी ढकललं नाही. मी दम खाल्ला, गुडघ्याची खातरी करायला पाय हलवून बघितला. मागे एकदम शांतता. पाय टेकला. मागे टाळ्या.

वळून पाहिलं तर अख्खा जिना भरून पोरं कठड्याकडे तोंड करून आडवी उभी. ती खुर्चीवर चढलेली मुलगी सगळ्यांत पुढे. तिने माझ्याकडे बोट दाखवलं आणि वर दाराशी उभ्या असलेल्या आईला ओरडून सांगितलं, "आई! हा बघ! खरा तिरपू!"

वर तिच्या आईच्या शेजारी प्रद्युम्न उभा होता. मालिनी डोळे पुसत होती. इथे कांदा नव्हता, पण सभागृहात धूळ पुष्कळ.

बेचाळीस वर्षांनी. एवढ्याशा पोरीने, जिने जुनी मालिका कधी पाहिली नाही, तिने मला ओळखलं. आणि मी तर अजून तोंडही उघडलं नव्हतं.

आवाज म्हणतात तो हा.